शून्य सेकंदांची जोडी

ओवी, इकडे सरक बाई जराशी. पुण्यात बसून वाचत असशील तर निदान खुर्ची तरी पुढे ओढ, आणि तो फोन पालथा घाल टेबलावर. परवा तू मला काय म्हणालीस, आठवतं का? ऑफिसातला तुझा प्रोग्राम अडला होता, आवाज रडवेला झाला होता, म्हणून मी नुसतं विचारलं, "काय झालं व पोरी?" तर म्हणालीस, "जाऊ दे आत्याआजी, डेटा टाइपची भानगड आहे, तुला नाही समजायचं." नाही समजायचं! मला! अगं, तुझ्या आजीजवळ बसून अक्षराचा आकडा कसा करायचा ते मी शिकले, तेव्हा तुझा बाप जन्मलासुद्धा नव्हता. रागावले नाही हं मी. थोडी रागावले. पण मग मनात आलं, पोरीचा तरी काय दोष, तिला कुणी सांगितलंच नाही. तुझी आजी स्वतःचं कौतुक सांगणाऱ्यातली नाही. तेव्हा मी सांगते. शाळा माझी दहावीलाच सुटली, पुढचं जे काही आलं ते बघून, ऐकून आणि विचारून विचारून आलं, म्हणून बोलते तसंच लिहिते. भाषा कुठे इकडची तिकडे गेली तर चालवून घेजो.

आमचं घर वर्ध्याकडच्या सेलूच्या पुढे, रस्त्याला लागून असलेल्या गावात. घरात बाबा, माय, मोठा भाऊ म्हणजे तुझे आजोबा, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, आणि शेंडेफळ मी, बेबी. पहाटे डोळे उघडायच्या आधी मला घर ऐकू यायचं. आधी म्हशीच्या धारा, बादलीत पडणाऱ्या, पहिल्यांदा टणटण आणि मग दुधात दूध पडल्यासारख्या मऊ. मग मायच्या बांगड्या, मग भाकर थापल्याचा आवाज, आणि शेवटी गोठ्याच्या पलीकडून घागरमाळा. घागरमाळा वाजल्या की समजायचं, बाबा चिमण्या आणि वजीरला बाहेर काढताहेत. शेतात राबणारे बैल वेगळे होते. हे दोघे पटाचे. त्यांना नांगर माहीत नव्हता. त्यांना दुधात कालवलेली कणीक, अंडी, सरकी, आणि अंग चोळायला कोमट तेल. माय म्हणायची, "मले एवढ्या लाडानं कोनं चारलं असतं तं मीबी पळाली असती!"

तू पुण्यात वाढलेली, तुला पट म्हणजे काय ते सांगते. पीक निघून गेलं की हिवाळ्यात गावाबाहेर सरळ लांब जमीन ठोकून साफ करतात, तिला दाण म्हणतात. हलका लाकडी छकडा, त्याला जोडी जुंपलेली, वर एक धुरकरी, जोडी हाकणारा. झेंडी पडली की घड्याळ सुरू, दाणीच्या त्या टोकाला पोचले की बंद. डोळ्याचं पातं लवेपर्यंत जोडी गेलेली असते, मागे नुसती धूळ. ज्याला कमी सेकंद, तो पहिला. आणि जोडी मधेच बिथरून दाण सोडून गेली की ती बाद. बस, एवढाच खेळ. पण या एवढ्याशा खेळासाठी माणसं वर्षभर जगायची. माझे बाबा तर नक्कीच.

अशा घरात तुझी आजी, कुंदावहिनी, लग्न होऊन आली. नागपूरची, गणित घेऊन बीएस्सी झालेली, बारीक अंगाची, चष्म्याची. तिचा भाऊ आखातात नोकरीला होता, त्यानं बहिणीला लग्नाची भेट म्हणून कॉम्प्युटर पाठवला होता. तो चक्क रुखवतात मांडला होता! एका बाजूला सांभारवड्यांचं ताट, दुसऱ्या बाजूला चिवड्याचा डोंगर, मधे हा काळा चपटा डबा. आमच्याकडच्या बाया त्याच्याभोवती गोळा झालेल्या.

"हा कायचा डब्बा होय व?"

"टाईपरायटर दिसते."

"मंग कागद कुठीसा जाते?"

"कागद नाई लागत मावशी," दादा मोठ्या ऐटीत म्हणाला. "टीव्हीले जोडतेत त्याले."

"बापा! मंग सिनेमा कायच्यावर पाह्याचा?"

सिनेमाचा प्रश्न खराच होता. आमच्या घरी एकच टीव्ही, कृष्णधवल. वहिनीचा कॉम्प्युटर त्यालाच जोडावा लागायचा आणि प्रोग्राम साठवायला गाण्यांसारखीच कॅसेट. टेपरेकॉर्डरवर ती कॅसेट लावली की असा आवाज निघायचा, काय सांगू, जणू लोखंडी पत्र्यावर कुणी खिळा ओढतंय आणि त्यात मधमाश्या घुसल्यात. पहिल्या दिवशी तो आवाज झाला, आणि त्याच वेळेस माय धार काढायला बसलेली. म्हशीनं पान्हा चोरला. दोन लाथा मारून बादली उलटी केली. माय तशीच ओल्या लुगड्यानं ओसरीवर आली आणि म्हणाली, "सूनबाई, तुह्या डब्ब्यानं माही म्हैस आटवली." वहिनीनं लगेच टेप बंद केला, आत गेली, पदर खोचला आणि म्हणाली, "आई, द्या, मी काढते." तिला धार काढता येत नव्हती. म्हशीनं तिलाही लाथ मारली. पण ती तिथून उठली नाही, हे मी गोठ्याच्या दारातून पाहिलं आणि तेव्हाच मला ती आवडली.

दुपारी भांडी झाली की आम्ही दोघी तूर निवडायला बसायचो, आणि तूर निवडता निवडता ती मला शिकवायची. मी आपली मधे मधे प्रश्न विचारायची, ती कधी कंटाळली नाही. मशीनला आधी सांगावं लागतं म्हणाली, की आपण त्याच्यापाशी काय ठेवतो आहोत. बैल मोजायचे असतील तर पूर्ण आकडा, अडीच बैल कुणाच्या गोठ्यात नसतात. दूध मोजायचं असेल तर अपूर्ण आकडाही चालायला पाहिजे, म्हैस काय मापानं दूध देत नाही. आणि बैलाचं नाव असेल तर ती नुसती अक्षरं. प्रत्येकाला वेगळी जागा, वेगळी खूण. अक्षरांच्या जागेला नावापुढे डॉलरचं चिन्ह लावायचं. मी म्हटलं, "डॉलर म्हनजे पैसा ना?" ती हसली, "इथं नाही ग. इथं ती शब्दाची शेपटी." मग मी विचारलं, की पटात छकड्यावर नंबर रंगवतात, सात, बारा, तो तर आकडाच ना? ती तुरीतला खडा बाजूला टाकत म्हणाली, "सात नंबरची जोडी आणि पाच नंबरची जोडी मिळून बारा नंबरची जोडी होते का?" मी म्हटलं, "नाई." "मग तो आकडा दिसतो, पण आहे नाव." मी किती तरी वेळ तूर तशीच हातात धरून बसले होते. आजही बँकेत कुणी माझा खाते नंबर विचारतं तेव्हा मला ते आठवतं, की बाई, हा आकडा नव्हे, हे माझं नाव आहे.

वहिनीच्या मनात एक गोष्ट होती. आमच्या ओसरीवर गावातल्या मुलींचा वर्ग सुरू करायचा. फी वगैरे काही नाही, फक्त दुपारची वेळ आणि तो टीव्ही. तिनं दादाला विचारलं, दादानं मायकडे बघितलं, आणि माय म्हणाली, "पोट्ट्याईले भाकरी येत नाई अन् डब्बे शिकवतेत." त्यावर गोष्ट थांबली असती. पण बाबा एका दुपारी ओसरीवर टेकले, वहिनी टीव्हीवर माझं नाव लिहून दाखवत होती ते बघितलं, आणि विचारलं, "सूनबाई, हे पटाचे सेकंद लावू शकते काय व?"

तुला माहीत नाही, पटाचा निकाल म्हणजे काय डोकेदुखी असायची. घड्याळवाले चिठ्ठीवर वेळ लिहायचे, पंच त्या चिठ्ठ्या मांडीवर पसरून लावत बसायचे, वारा यायचा, चिठ्ठ्या उडायच्या, आणि मग आरडाओरडा. वहिनी म्हणाली, लावू शकतं. बाबा त्याच संध्याकाळी पारावर सांगून आले, "यंदाचा निकाल आमची सून लावन!" घरी येऊन सांगितलं तेव्हा मायच्या हातातला पोळपाट तसाच राहिला.

"चार गावचे मानसं येतेत तिथी," माय म्हणाली. "आपलं नाक कापलं तं?"

"काऊन कापन?"

"हे पाहा. पट नीट झाला, तं बसवा पोट्ट्या ओसरीवर, मी चहा करून देतो. अन् हसं झालं, तं ते डब्बं माळ्यावर जाईन. मंग पुन्हा खाली नाई उतरन."

वहिनी म्हणाली, "बरं आई." नुसतं तेवढंच. पण माझा जीव तेव्हापासून टांगणीला लागला, कारण माळ्यावर गेलेली वस्तू आमच्या घरात कधी खाली आलेली मी पाहिली नव्हती. आणि ते डबं गेलं असतं तर माझ्यापाशी काय उरत होतं? तूर.

मग सराव सुरू झाला. मी मागच्या पटाच्या वेळा बाबांना विचारून सांगायची, वहिनी टाकायची. पहिल्यांदा तिनं पूर्ण आकड्याची जागा घेतली होती, जागा कमी लागते म्हणून. यादी आली आणि बाबा टीव्हीपुढून उठूनच उभे राहिले. "आमची जोडी आठ पॉइंट एक, अन् त्या पाटलाची आठ पॉइंट नऊ. दोघंबी आठच? मंग पट कायले भरवाचा, घरीच बसा ना!" वहिनी म्हणाली, मशीननं पॉइंटाच्या पुढचं कापून टाकलं, पूर्ण आकड्याच्या जागेत ते मावत नाही. तिनं ती जागा बदलली. पण मग दुसरीच अडचण. आकड्याच्या जागेत कुणी चुकून एक अक्षर दाबलं की मशीन तिथंच अडून बसायचं, पुढे म्हणून जायचं नाही. भर पटात अडलं तर? म्हणून तिनं सगळं अक्षरांच्या जागेत घ्यायचं ठरवलं, तिथं काहीही लिहिलं तरी चालतं. आणि यादीत दहा पॉइंट दोनवाली जोडी आठ पॉइंट एकवाल्याच्याही वर! आता हे मात्र मला आधी समजलं, वहिनीच्या आधी नाही पण दादाच्या आधी. अक्षरं म्हणून घेतलं की मशीन शब्दकोशासारखं लावतं ना, पहिलं अक्षर बघून. एक आधी, आठ नंतर. पुढे शून्य आहे का काय आहे, त्याला काय करायचंय. मी असं म्हटल्यावर वहिनीनं माझ्याकडे असं बघितलं, की अजून पुरतं ते मला.

तेव्हा तिनं मधला रस्ता काढला. घ्यायचं अक्षर म्हणून, आणि आत गेल्यावर त्याचा आकडा करायचा. त्यासाठी मशीनमध्ये एक हुकूम होता, अक्षरात लिहिलेली वेळ दिली की तो तिचा खरा आकडा करून द्यायचा. आता यादी अगदी बरोबर लागली. बाबांनी वर्ध्याहून गोरसपाक बिस्किटं आणवली, आम्ही चहात बुडवून खाल्ली. वहिनीनं मात्र अजून बशीला हात लावला नव्हता. की-बोर्डवर बोट ठेवून ती म्हणाली, "आणि बाबा, एखादी जोडी बा—"

"चूप!" माय स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं धावत आली. "पटाच्या आधी या घरात तो शब्द नाई निघत, सूनबाई! लिवाचाबी नाई!"

आमच्या घरची ती रीतच होती. पट महिन्यावर आला की 'बाद' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, भाजीतलं किडकं वांगंसुद्धा बाद म्हणायचं नाही. वहिनी नागपूरची, तिला काय माहीत. तिनं बोट उचललं. मायच्या कपाळावर पीठ लागलं होतं, डोळ्यांत खरीच भीती होती. वहिनी स्वतःशीच हळू म्हणाली, "अक्षरच आहे, अडणार तर नाही," आणि मशीन बंद केलं.

पटाच्या दिवशी मायनं सकाळीच पाहुण्यांसाठी रोडगे भाजायला घातले, कणकेचे, गोवऱ्यांच्या राखेतले, वर वांग्याची झणझणीत भाजी. त्या वासातच आम्ही टीव्ही गाडीत ठेवला, खाली गवत, वर गादी, जसं काही आजारी माणूस दवाखान्यात नेतोय. दाणीच्या कडेला मांडव, लाऊडस्पीकरवाल्याच्या जनरेटरवर वायर जोडलेली. उन्हात टीव्हीवर काही दिसेना, तेव्हा दादानं टेबलाभोवती गोधड्या टांगल्या आणि आम्ही दोघी आत, घामानं निथळत. बाहेर घागरमाळा, हाकारे, भज्यांचा वास, धूळ. घड्याळवाल्यांची चिठ्ठी आली की मी वाचायची आणि वहिनी टाकायची. गावच्या शाळेचे गुरुजी माइकवर होते. पवनारकडून आलेल्या एका काकांची पांढरी जोडी आठ पॉइंट चारात आली, तेव्हा सगळा माळ उठून उभा राहिला. मी गोधडीची फट करून बघितलं, बाबासुद्धा टाळ्या वाजवत होते. आपल्यापेक्षा चांगल्या बैलाला टाळी देणारा माणूस होता तो.

मग चिमण्या-वजीर. झेंडी पडली, निघाले तर असे, की मी गोधडी पार बाजूला सारली. आणि अर्ध्यावर कुणा बाईनं उन्हासाठी छत्री उघडली, काळी. वजीर बिचकला. छकडा वाकडा होऊन तुरीच्या धसकटात गेला, धुरकरी उडी मारून वाचला. चिठ्ठी आली, त्यावर एकच शब्द. मला तो मोठ्यानं वाचवेना. मी चिठ्ठी वहिनीपुढे धरली. तिनं तो इंग्रजी अक्षरांत टाकला, मशीनला मराठी येत नव्हती, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

उन्हं कलली. सगळ्या जोड्या धावून झाल्या. वहिनीनं निकालाचा हुकूम दिला आणि उठून गुरुजींना जागा करून दिली. गुरुजींनी माइक घेऊनच गोधडीत डोकं घातलं आणि टीव्हीवर जे होतं ते जसंच्या तसं वाचलं. पहिला नंबर म्हणून आमच्या बाबांचं नाव. वेळ, शून्य सेकंद.

मग जे हसू फुटलं!

"अबे, शून्य सेकंदात तं भूतबी नाई पोचत!"

"सुनेनं सासऱ्याले नंबर देल्ला गा!"

"घरची मशीन, घरचा निकाल!"

पवनारचे काका मांडवापाशी आले, चेहरा लाल. "आमची जोडी काय चालत आली काय? सांगा ना, चालत आली काय?" बाबा तिकडे वजीरचा पाय बघत बसले होते, ते तसेच मान वर करून बघत राहिले. आणि बायांच्या बाजूला मी मायला पाहिलं. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला होता.

वहिनी गोधडीतून बाहेर आली. केस धुळीनं भरलेले, चष्मा घामानं धुरकट झालेला. तिनं गुरुजींकडून माइक मागून घेतला. लग्न होऊन वर्ष न झालेली सून, आणि समोर चार गावची माणसं. पण तिचा आवाज तूर निवडतानाच्या आवाजासारखाच होता, तेवढाच सावकाश.

"ऐका," ती म्हणाली. "पंचांची चूक नाही, घड्याळाची नाही. मशीनचीही नाही, चूक माझी आहे. मी मशीनला सांगितलं होतं, चिठ्ठीवर जे असेल त्याचा आकडा कर. माझ्या सासऱ्यांच्या चिठ्ठीवर शब्द आहे, बाद. शब्दाचा आकडा होत नाही. जिथं होत नाही, तिथं हे मशीन शून्य धरतं. आणि ज्याला सगळ्यात कमी तो पहिला, हेही मीच सांगितलं होतं. आमची जोडी बाद आहे. पहिली जोडी या काकांची आहे. मला थोडा वेळ द्या, तुमच्या सगळ्यांसमोर दुरुस्त करते."

माळावर लाऊडस्पीकरमधून तो शब्द दोनदा घुमला. गर्दीतून कुणी तरी ओरडलं, "घरी करून पाह्यलं नव्हतं काय, बाई?"

तिनं बायांच्या बाजूला एकदा बघितलं. मी तिच्या शेजारी उभी होते, मला ठाऊक होतं ती काय सांगू शकते. पिठाचे हात, चूप, आणि उचललेलं बोट. तिच्या जागी मी असते तर सांगितलं असतं. ती म्हणाली, "नाही पाहिलं. पाहायला हवं होतं."

बस. एवढंच.

मग तिनं गोधड्या काढायला लावल्या, दादानं आणि गुरुजींनी एक धोतर टीव्हीवर सावलीसाठी धरलं, आणि ज्यांना यायचं त्यांना जवळ बोलावलं. मोठ्यानं बोलत बोलत तिनं नवी ओळ घातली. आकडा करायच्या आधी विचारायचं, की हा आकडा होण्यासारखा आहे का? नसेल तर त्याला हात लावायचा नाही, तसाच बाजूला ठेवायचा, खाली वेगळा लिहायचा. पवनारचे काका वाकून बघत होते. त्यांनी विचारलं, "म्हनजे न धावनाऱ्याचा हिशेबच वेगळा?" वहिनी म्हणाली, "वेगळाच, काका. शून्य म्हणजे काही तरी मोजून शून्य आलं. इथं मोजलंच नाही." काकांनी मान हलवली. "हे आमच्या पंचाईले कोनं सांगतलं असतं तं किती भांडनं वाचले असते." नवी यादी आली. काकांची पांढरी जोडी वर, आणि सगळ्यात खाली बाबांचं नाव, त्याच्यापुढे तो शब्द जसाच्या तसा. तेव्हा कुठे बाबा उठले, गर्दीत आले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शून्य सेकंद! अबे, माह्ये बैल निंघाच्या आधीच पोचले व्हते, तुमालेच दिसलं नाई!" मग पुन्हा हसू फुटलं, पण आता ते वेगळं हसू होतं. काकांनी बक्षिसाचं पितळी घंगाळ डोक्यावर घेतलं आणि जाता जाता वहिनीला म्हणाले, "पुढच्या साली आमच्याकडेबी या लावाले."

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. उरलेले रोडगे आम्ही तुपाशिवायच खाल्ले, माय वाढायला विसरली. जेवण झाल्यावर वहिनी उठली. तिनं कॉम्प्युटरच्या वायरी एकेक करून गुंडाळल्या, डबा पदरानं पुसला, आणि मला म्हणाली, "बेबी, शिडी धर ग."

मी शिडी धरली नाही. मला रडू येत होतं.

"काऊन?" माय चुलीजवळूनच म्हणाली.

"ठरलं होतं ना आई. हसं झालं तर माळ्यावर."

माय चुलीतलं लाकूड उगीच मागेपुढे करत राहिली. मग म्हणाली, "तू सांगतलं काऊन नाई? इतल्या मानसाईत सांगतलं असतं, का म्याच तुले बोलू नाई देल्लं मनून."

"प्रोग्राम माझा होता, आई," वहिनी म्हणाली. "तुमचा नव्हता."

माय उठली आणि कंदील घेऊन गोठ्याकडे गेली. आम्हाला वाटलं, म्हशीकडे गेली. परत आली तेव्हा तिच्या हातावर वजीरची झूल होती. लाल मखमलीची, आरसे लावलेली, तिच्या स्वतःच्या हातची, पटाच्या दिवशी फक्त मिरवणुकीत घालायची. तिनं ती ओसरीवरच्या टेबलावर पसरली, डबा वहिनीच्या हातातून घेतला, टेबलावर ठेवला, आणि झुलीचा अर्धा पदर त्याच्यावर ओढला, जसं लेकराला पांघरूण घालतात.

"धूळ बसते याच्यावर," ती म्हणाली. "वजीराले यंदा नाई लागत. अन् सूनबाई, धारेच्या येळेले त्यानं किंचाळाचं नाई. तेवढं सांगून ठेव त्याले."

पुढच्या आठवड्यात ओसरीवर मुली बसल्या. मायनं चहा करून दिला, बोलली तसा. पहिल्या ओळीत मी होते. मी पुढे काय काय केलं, कुठे कुठे आकडे लावले, ते दुसरीकडे सांगेन कधी, पण जे केलं ते त्या झुलीखालच्या डब्यामुळे. आणि खरं सांगू, मला मशीनपेक्षा ती बाई जास्त शिकवून गेली. हुशार माणसं मी पुढे पुष्कळ पाहिली. आपली चूक भर माळावर आपल्याच नावावर घेणारी, आणि दुसऱ्याचा त्यातला वाटा गपचूप गिळून टाकणारी, एकच पाहिली.

मधे बरीच वर्षं पट बंद होते, आता पुन्हा भरू लागलेत. गेल्या हिवाळ्यात तुझ्या आजीला घेऊन गेले होते. आता सगळं विजेच्या घड्याळावर, भला मोठा पडदा, जोडी पोचायच्या आत आकडा दिसतो. तिचे गुडघे दुखतात, हात थरथरतो, पण नजर तशीच. एक जोडी बिथरून दाण सोडून गेली. आम्ही दोघींनी एकदम पडद्याकडे बघितलं. त्या जोडीपुढे नुसती आडवी रेघ होती. आजीनं माझा हात दाबला आणि कानाशी येऊन म्हणाली, "शहाण्यानं लिहिलाय ग हा प्रोग्राम." तेवढ्यानं दिवसभर खूश होती.

तेव्हा आता तूच सांग, मला समजायचं नाही म्हणतेस? तुझा तो प्रोग्राम घेऊन ये इकडे. आजीपुढे ठेव, ती आधी चष्मा पुसेल, मग तुला चहा प्यायला लावेल, आणि मग विचारेल, आकडा करायच्या आधी विचारलं होतंस का. ती झूल अजून आहे, आरसे अर्धे निखळलेत, पण आजी ती कुणाला टाकू देत नाही. आणि हे बघ, फोनवर कधी येतेस विचारलं की तू म्हणतेस, "बघू." अगं, 'बघू' हा शब्द आहे. त्याचा आकडा करायला गेलं की शून्यच हाती येतं, आणि तुझी आजी भोळी, ती त्या शून्यालाच पहिला नंबर देऊन रोज दाराकडे बघत बसते. मला तारीख पाठव, आकड्यात. थंडी आहे तोवर येजो, रोडगे मी भाजते, तूप या वेळी विसरणार नाही.